नाईककाकांचे पांढरे मोजे

आमच्या खालच्या मजल्यावरच्या नाईककाकांना कुठेही गवत दिसलं की ते खिशातून गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे काढून चढवायचे. गवतातून एक फेरी मारायची, उन्हात उभं राहायचं आणि मोज्यांवर चढलेल्या पिसवा मोजायच्या. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची बिल्डिंग, त्यामुळे गवताला तोटा नव्हता.

काका महापालिकेच्या उंदीर खात्यात होते. पकडून आणलेले उंदीर, घुशी, चिचुंद्र्या पांढऱ्या परातीवर धरून विंचरायच्या आणि खाली पडलेल्या पिसवा मोजायच्या, ही त्यांची नोकरी. चिचुंद्रीला फणी लावणारा हा माणूस स्वतःचे केस मात्र बोटांनीच सारखे करायचा.

कुणी नुसतं "उंदीर झालेत" म्हटलं की काका सुरू. "हंगाम बघ, जागा बघ, मग बोल. मे महिन्यात पिसू करपते. भर पावसात बिळात पाणी शिरतं, तिची वाट लागते. पाऊस सरला की बघ, फुल गर्दी. आणि डोंगरातल्या उंदरावर असते तीच जात गटारातल्या घुशीवर मिळेल असं नाही. तुका काय कळता?" हे सगळं समोरचा जेवत असताना. आई त्यांना पंगतीत पार शेवटी बसवायची.

त्यांची सुमन लग्न होऊन नाशिकला गेलेली. चार दिवाळ्या ती माहेरी आली नव्हती. पत्र यायचं, दोन ओळींचं. काका त्याबद्दल बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू.

बिल्डिंगीत पहिला रंगीत टीव्ही आला, त्या वर्षी माझ्या ताईला बोरिवलीचं स्थळ आलं. जंगलाच्या कडेला बैठं घर. आधीची तीन स्थळं फिरली होती. हा मुलगा ताईला मनापासून आवडला होता आणि बाबा तर नवस बोलून बसले होते. दसऱ्यानंतर मी आणि बाबा घर बघायला निघालो, तर काका कपडे करून जिन्यात उभे.

"काका, आज मोजे नको हां," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले. खिसा फुगलेला होता.

तिथे पोहे आले. काकांनी बशी बाजूला सारली. ते कुणाकडेच पोहे खात नसत. मग सगळ्यांदेखत मोजे चढवले, "जरा मागे जाऊन येतो" म्हणाले आणि परसात गेले ते चांगला अर्धा तास. बाबांना घाम फुटला. काका परतले आणि भर बैठकीत एक पाय खुर्चीवर ठेवून म्हणाले, "सात."

"सात काय?" मुलाच्या आईने विचारलं.

"पिसवा."

मुलाचे वडील ताडकन उठले. आता ताईला कुठल्या तोंडाने सांगायचं?

"बसा हो," काका म्हणाले. "पाऊस सरल्यावर जंगलाच्या कडेला सात म्हणजे काहीच नाही. एकही मिळाली नसती तर मीच उठलो असतो. एकही नाही म्हणजे औषध घातलंय, उंदीर मेलेत आणि पिसवा तुमच्या गादीत. मागे चिचुंद्री आहे ना?"

"आहे," बाई जरा नरमल्या. "सासूबाई सांगून गेल्यात, तिला हाकलायचं नाही म्हणून."

"पोर द्या हो," काका बाबांना म्हणाले.

बाईंना हसू आवरेना. त्या हसण्यावरच ताईचं लग्न ठरलं.

बाबा पेढे घ्यायला गेले आणि आम्ही दोघं बसस्टॉपवर थांबलो. मी चिडलेलोच होतो. "काका, पिसवांवरून कधी घर कळतं का?"

ते कठड्यावर बसून मोजे उतरवत होते. "नाही रे. पण मोजे घातले की येडा समजून मागे जायला कोण अडवत नाही. मोठी सून मोरीवर भांडी घासत होती. तिच्याशी बोलत बसलो. सासूला नावं ठेवत होती, ती पण मोठ्याने. घाबरत नाही रे तिथे कोणी."

मोज्यांची नीट घडी घालून त्यांनी ते खिशात ठेवले.

"सुमनच्या वेळी मी पुढच्या खोलीत बसून पोहे खाल्ले," ते म्हणाले. "दोन बशा."