बुधवारची सर्जनशील पनीनी

साहेब, परिपत्रक तुम्हीच काढलंत. सही तुमची, शिक्का तुमच्या खात्याचा, आणि आरोपही तुमच्यावरच: शिजतं पातेलं तुम्ही चुलीवरून उतरवलंत आणि त्या जागी फोटो ठेवलात. तुमचं नाव घेत नाही. नाव घेतलं की तुमची बदली होते, आणि बदली झालेला साहेब आपोआप निर्दोष असतो.

आता तत्त्वाकडे येऊ. मनुष्याची भूक ही मुळात कल्पनाशक्तीची उणीव आहे. ज्याला फक्त खिचडी ठाऊक असते त्याला भूक लागते. ज्याला पनीनीची कल्पना करता येते त्याला कुतूहल वाटतं. हे सत्य जगाला आजवर माहीत नव्हतं. ते तीन दिवसांच्या एका कार्यशाळेत, दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर सापडलं. ग्रील केलेल्या पनीनीचा फोटो पाहून शंभरातल्या सत्त्याण्णव अधिकाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं (उरलेले तिघं झोपले होते). त्यावरून पनीनीत पोषण असतं हे सिद्ध झालं आणि परिपत्रक निघालं: शाळाशाळांतून पोरांचं जेवण शिजवणाऱ्या प्रत्येक 'स्वयंपाकी घटकाने' स्वतःच्या घरी एक सर्जनशील ग्रील्ड पनीनी सँडविच तयार करावं आणि त्याची छायाचित्रं ॲपवर चढवावीत. जो घटक चढवणार नाही, त्याची नेमणूक पुढच्या वर्षासाठी विचारात घेतली जाणार नाही.

श्रीरामपूरजवळच्या बेलापूरपासून पाच-सहा किलोमीटरवर, पाटाच्या कडेला, एक शाळा आहे (नाव सांगत नाही, सांगितलं तर नोटीस साहेबांना नाही, शाळेला येईल). तिथला स्वयंपाकी घटक म्हणजे चांगुणाबाई. या घटकाला दोन गुडघे आहेत, त्यातला डावा दुखतो. अकरा वर्षं हा घटक एकशे बारा पोरांची खिचडी शिजवतोय. कुणाला पातेल्याच्या तळाची खरवड लागते, कोण मटकी बाजूला काढून ठेवतं, कुणाच्या घरी सकाळी चूलच पेटत नाही, हे सगळं त्याला हजेरीपटाहून नीट ठाऊक आहे. कांद्याच्या लागणीच्या दिवसांत आया उजाडायच्या आत टेम्पोत बसून जातात. पोरं अनशापोटी शाळेत येतात आणि अकरा वाजल्यापासून नाक वर करून वास घेत बसतात. एवढं ठाऊक असणं ही सर्जनशीलता धरावी की नाही, याबद्दल परिपत्रकात काही म्हटलेलं नाही.

प्रशिक्षण राहात्याला झालं. पंख्याखाली साठ बायका बसल्या होत्या, आणि पुण्याहून आलेल्या रुचा मॅडम. मॅडम गोड होत्या, हे लिहिलंच पाहिजे. अशा कामाला गोडच माणसं पाठवतात. त्यांनी खोक्यातून एक यंत्र काढलं. खाली तापलेली जाळी, वर तापलेली जाळी, मध्ये पाव. वरून दाबलं की पाव चपटा होतो आणि त्याच्या अंगावर काळ्या रेघा उठतात. या रेघांना मॅडम पनीनीचा आत्मा म्हणाल्या. चांगुणाबाईंनी शेजारणीला हळूच सांगितलं, की माझ्या नवऱ्याचा सदरा इस्त्रीवाल्यानं असाच केला हुता, पर त्याचा फोटो कुनी मागितला न्हाई.

परीक्षणाचे निकष छापील होते. ते इथे देणं भाग आहे, कारण पुढे कुणी म्हणेल की लेखकानं मनचंच लिहिलं:

एक: रेघा आठ असाव्यात, समांतर, तिरप्या.
दोन: सारणात किमान तीन रंग असावेत, आणि किमान दोन पदार्थ असे असावेत जे यापूर्वी एकमेकांना भेटलेले नाहीत.
तीन: सँडविच मधोमध उकलल्यावर चीजची तार निघावी. तारेची लांबी एक वीत. (वीत कुणाची, ते जिल्हास्तरावर ठरेल.)
चार: लांबट परदेशी पाव वापरावा, न मिळाल्यास तत्सम.
पाच: कृती घरच्या घरीच व्हावी. मोबाईल घरापासून तीस मीटरच्या बाहेर गेल्यास कृती रद्द.
सहा: ॲप फक्त बुधवारी, सकाळी साडेदहा ते दुपारी एक, सुरू राहील. त्या वेळात दर वीस मिनिटांनी एक, असे सात फोटो.

चांगुणाबाईंनी हात वर केला. मीठ कधी घालायचं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मॅडमनी पुस्तिका पुढून चाळली, मागून चाळली. मग प्रामाणिकपणे सांगितलं, की मीठ फोटोत येत नाही, त्यामुळे त्याला गुण ठेवलेले नाहीत. चव घेण्याची तरतूद आहे का, असं दुसरीनं विचारलं. तशी तरतूद केली तर पक्षपात होईल, असं उत्तर मिळालं. ते खरंच होतं. चव घेतली की पक्षपात होतो. चवीचं कामच ते.

यंत्र तालुक्याला एक होतं आणि ते ज्याच्या कपाटात होतं तो रजेवर होता. परदेशी पावाचं म्हणाल तर बेलापूरच्या बेकरीवाल्यानं आधी नाव पुन्हा सांगायला लावलं, मग टोस्ट दाखवले. पण ही रडगाणी गाण्यात अर्थ नाही. खरी अडचण सहाव्या कलमात बसली होती, आणि ती चांगुणाबाईंना राहात्याहून परतताना एसटीतच दिसली. साडेदहा ते एक म्हणजे खिचडीची वेळ.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापक शामकांत सरांना गाठलं. सरांच्या घराण्यात तीन पिढ्या शिक्षक. खडूनं हात पांढरे आणि नोटिशीनं चेहरा. सर वाईट नव्हते. मागे गॅस संपला तेव्हा स्वतःच्या मोटारसायकलवर टाकी घेऊन आले होते. पण परिपत्रक म्हटलं की ते आधी सही करत आणि मग वाचत.

"सर, बुधवारी मी घरी बसले तर पोरं काय खातील?" चांगुणाबाईंनी विचारलं.

सरांनी डस्टर झटकलं. "चांगुणाबाई, हा एका दिवसाचा प्रश्न आहे. नेमणूक गेली तर वर्षाचा होईल. पुढची कोण येईल, कशी शिजवेल, काय सांगावं?"

"मग आमच्या सूनबाईला पाठवते. तिला येती खिचडी."

ते तर अजिबात नको, असं सर म्हणाले. अप्रशिक्षित हातानं शिजवलेलं अन्न मुलांना देता येत नाही, असा जुना नियम होता. म्हणजे प्रशिक्षित हात प्रशिक्षण सिद्ध करण्यासाठी घरी बसणार, आणि अप्रशिक्षित हात प्रशिक्षण नाही म्हणून घरी बसणार. यात काडीचाही विरोध नव्हता. सरांनी वरच्या कार्यालयात फोन लावून पाहिला. तिकडून उत्तर आलं की असा प्रश्न जिल्ह्यातून आणखी कुणीही विचारलेला नाही. तुमच्याच शाळेतल्या मुलांना बुधवारी भूक लागते का?

"बरं," चांगुणाबाई म्हणाल्या. "पर मग पोरांना तुमी सांगा. मला न्हाई सांगता येनार."

बुधवार आला.

चांगुणाबाईंचं घर शाळेच्या भिंतीला लागूनच. घराच्या ओट्यापासून शाळेच्या चुलीपर्यंत साठ पावलं. अकरा वर्षांत त्यांनी ही साठ पावलं कधी मोजली नव्हती. ती मोबाईलनं मोजली. दहा चाळीसला, पहिला फोटो गेल्यावर, त्या फक्त तांदूळ भिजत घालून येऊ म्हणून निघाल्या, तर मोबाईल बोंबलायला लागला: आपण घराबाहेर आहात. मोबाईल घरात ठेवून जावं तर दर वीस मिनिटांनी फोटोत घटकाचा चेहरा हवा, आणि शिजतं पातेलं सोडून तेवढ्या फेऱ्या डाव्या गुडघ्यानं होत नाहीत. परत आल्या.

सून अश्विनी सारणाची मांडणी करत होती. पावाच्या जागी तत्सम म्हणून बाजरीची भाकरी उभी चिरून दोन थर केले. तीन रंगांसाठी पिठलं, बीट आणि पेरू. हे तिघं यापूर्वी एकमेकांना भेटलेले नव्हते, याबद्दल खात्री होती. रेघांसाठी खुरप्याची पात चुलीत लाल केली. अश्विनीनं कंपासपेटीतली पट्टी भाकरीवर धरली आणि चांगुणाबाईंनी आठ डाग दिले, समांतर, तिरपे.

राहिली तार. चीज श्रीरामपूरला मिळतं म्हणे. पण तिथवर जाऊन आणायचं कुणी, आणि एका फोटोसाठी? ऊसपट्ट्यातल्या बाईला तार काढायला कुणी शिकवावं लागत नाही. चांगुणाबाईंनी शेजारच्या गुऱ्हाळातली काकवी आणली, आटवली, बोटांत धरून पाहिली. पिवळीधमक, एक वीत, वर चार बोटं. ती पिठल्यावर ओतली. पिठलं, त्यावर लसणाचा ठेचा, त्यावर काकवी. बघायला असं देखणं, की अश्विनी स्वतःच खूश झाली.

"आत्या, जरा हसा की. रेघा झकास आल्यात, तुमचंच तोंड पडलंय."

चांगुणाबाई हसणार होत्या. पण तेवढ्यात भिंतीपलीकडे ताटल्या वाजायला लागल्या.

जेवायची सुट्टी झाली की पोरं ताटल्या घेऊन ओळीनं बसतात आणि वाढायला उशीर झाला की चमच्यानं वाजवतात. नेहमी चांगुणाबाई आतून ओरडतात, "आले रं, आले." आज कुणी ओरडलं नाही, म्हणून पोरांनी आणखी जोरात वाजवल्या. त्यांना वाटलं, चांगुणामावशीला ऐकूच गेलं नाही. मग सरांचा आवाज आला. आज खिचडी नाही, असं काहीतरी. मग सर कविता म्हणायला लागले आणि पोरं त्यांच्या मागून. पहिल्या कडव्याला आवाज मोठा होता. तिसऱ्याला सर जवळजवळ एकटेच म्हणत होते.

चांगुणाबाई तार धरून उभ्या होत्या. एक वीत, वर चार बोटं.

"काढ," त्या म्हणाल्या. "काढ आन बंद कर."

अश्विनीनं काढला. पाचवा फोटो. उरलेले दोनही गेले. एक वाजता ॲपनं अभिनंदन केलं. ती पनीनी कुणी खाल्ली, हा प्रश्न अप्रस्तुत आहे. पण नोंद असावी म्हणून सांगायचं, तर चांगुणाबाईंनी ती दारातल्या कालवडीपुढे धरली. कालवडीनं हुंगली आणि तोंड फिरवलं.

संध्याकाळी सरांनी रोजची ऑनलाईन माहिती भरली. 'आहार दिला नाही' हा पर्याय होता, पण त्याला कारण निवडावं लागे. कारणं चार: पाणी नाही, इंधन नाही, धान्य नाही, नैसर्गिक आपत्ती. साहेब, यातलं चौथं कारण तुम्हाला लागू पडतं की नाही, यावर सर दहा मिनिटं विचार करत होते. शेवटी त्यांनी 'आहार दिला' असं भरलं. त्यामुळे कागदोपत्री त्या दिवशी एकशे बारा पोरं जेवली आहेत, आणि जेवलेल्या माणसाला तक्रार करता येत नाही.

प्रकरण इथं मिटलं असतं, पण पाचवा फोटो जिल्ह्यात पहिला आला. रेघा आठ, तार सर्वांत लांब, आणि परीक्षकांच्या शब्दांत 'चेहऱ्यावर मातीतल्या स्त्रीची गंभीर तन्मयता'. चांगुणाबाईंचा नगरला सत्कार झाला (बुधवारी). शाल मिळाली. माईक हातात आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आज पोरांना कोन वाढतंय, ते कुनी सांगंल का मला?" यावर टाळ्या पडल्या. रुचा मॅडमचे डोळे भरून आले. साधेपणा, साधेपणा, असं पहिल्या रांगेत कुणीतरी म्हणालं.

मग त्यांना जिल्हा मार्गदर्शक नेमण्यात आलं. दर बुधवारी एका नव्या गावी जायचं, तिथल्या स्वयंपाकिणीला तिच्याच घरी बसवायचं आणि तार काढायला शिकवायची. नाही म्हणण्याचा पर्याय फॉर्मवर नव्हता. होता तो 'नेमणूक नको' असा. चांगुणाबाई फॉर्म घेऊन सरांपुढे तासभर बसल्या. आठवड्यातल्या सहा दिवसांपैकी पाच वाचवायचे, तर सहावा द्यायचा, असा हिशेब सरांनी मांडला. चांगुणाबाईंनी बोटाला लागलेली शाई पुसली आणि सही केली. आतापर्यंत चौदा गावं झाली. चौदा गावांत बुधवारी तार उत्तम निघते.

इथवर सगळा दोष साहेबांचा. वाचकहो, वाचताना तुम्हालाही बरं वाटलं असेल. साहेबाला शिव्या पडल्या की आपण सगळेच थोडे स्वच्छ होतो. पण पहिला क्रमांक साहेबांनी दिलेला नाही. अंतिम फेरी जनतेच्या कौलावर होती. फोटो मोबाईलवर फिरला, एकेचाळीस हजार दोनशे सहा जणांनी त्यावर बदाम दाबला, आणि खाली लिहिलं: तोंडाला पाणी सुटलं, मावशी, रेसिपी टाका, हीच आपली खरी संस्कृती. त्या फोटोच्या खालच्या कोपऱ्यात ॲपनं आपणहून छापलेलं होतं: बुधवार, दुपारी बारा वाजून पाच मिनिटं. त्याखाली ठळक अक्षरांत: शाळेच्या स्वयंपाकीण चांगुणाबाई, आपल्या राहत्या घरी.

शाळेची स्वयंपाकीण. शाळेचा दिवस. दुपारचे बारा. राहत्या घरी. चारही गोष्टी मराठीत होत्या आणि एकावर एक लिहिलेल्या होत्या. एकेचाळीस हजारांपैकी एकानंही विचारलं नाही की बाई, या वेळेला तू घरात काय करतेयस.

साहेबांचं उत्तर येईल तेव्हा येईल. ते टपालानं येतं. तुमचं आत्ता द्या. त्या बदामांत तुमचा कितवा होता?