सायलेन्सरसाठी किरकोळ रजा

मोटरसायकलचा सायलेन्सर साफ करण्यासाठी तीन दिवसांची रजा हवी, असं अर्जात लिहायची छाती मला झाली नाही. मी 'घरगुती कारण' असं लिहिलं. साहेबांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "घ्या, घ्या. पाच दिवस घ्या." बायको गेलेल्या माणसाला रजा पटकन मिळते. (हा एक फायदा आहे. दुसरा अजून सापडलेला नाही.) मी तीनच घेतले.

मोटरसायकल हिची होती. आमच्या घरात गाडी चालवायची ती, दुरुस्त करायची ती, आणि मागच्या सीटवर बसायचो मी, मांडीवर डबा घेऊन. लोक सुरुवातीला हसले, मग कंटाळले. मी नोंदणी विभागातला कारकून; मला फाइल चालवता येते, तीही सावकाश. रविवारी सकाळी ही जिन्याखाली गाडीसमोर उकिडवी बसायची. तिथे समोर एकाच माणसापुरती जागा, म्हणून मी पलीकडे, इंजिनाच्या मागच्या बाजूला स्टुलावर बसून बॅटरी धरायचो आणि मागेल तो पाना द्यायचो. "दहाचा." दिला. "बाराचा." दिला. बावीस वर्षांत एकदाही चुकीचा पाना दिला नाही, हे मी अभिमानानं सांगतो. पाना फिरवण्याची वेळ मात्र माझ्यावर कधी आली नाही.

चौदा महिन्यांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ही गेली. गाडी जिन्याखाली उभी राहिली ती राहिलीच. इंजिनापासून निघून खालून मागे जाणारा तो चकचकीत पाईप हळूहळू तपकिरी झाला. मी रोज कामावर जाताना पाहायचो आणि मान फिरवायचो. माणसाला घरातल्या एखाद्या वस्तूची भीती वाटू शकते, हे तोवर मला माहीत नव्हतं.

आता लेकीचं. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. चांगली नोकरी, तिच्या आईला हवी होती तशी. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. मी विचारलं की ती म्हणायची, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. आणि का नाही, तेही मला मंगळवारी कळलं. ती मावशीशी फोनवर बोलत होती आणि मी दाराआड उभा होतो. (मुद्दाम नव्हे. निदान पहिलं मिनिटभर मुद्दाम नव्हे.)

"मावशी, बाबाला साधा बल्ब बदलता येत नाही गं. त्याला टाकून मी कशी जाऊ?"

हा सरळसरळ अन्याय होता. बल्ब मी बदलला होता. तो लागला नाही, ही गोष्ट वेगळी.

रात्रभर मनाला ते लागून राहिलं. पोरीनं माझ्यापायी घरात अडकून पडावं? हिला काय वाटलं असतं? सकाळी मी ठरवलं, की शनिवारच्या आत हिची गाडी स्वतःच्या हातानं लखलखीत करायची, लेकीपुढे उभी करायची आणि म्हणायचं, "जा. ही घेऊन जा. माझी काळजी करू नकोस." सुरुवात सायलेन्सरपासून, कारण तो सगळ्यात वाईट दिसत होता.

पाईप इंजिनाला जिथे चिकटतो तिथे दोन स्टड असतात. म्हणजे इंजिनातून बाहेर आलेल्या, आटे पाडलेल्या दोन छोट्या सळया. त्यांवर एकेक नट. नट काढले की पाईप सुटतो. गुरुवारी सकाळी लेक कामावर गेली आणि मी हिच्या जागेवर जाऊन बसलो. बसलो आणि पाच मिनिटं नुसताच बसून राहिलो. मग नाक पुसलं आणि बाराचा पाना लावला.

नट हलेना. तेल सोडलं, चहा प्यायला, पुन्हा लावला. हलेना. शेवटी पान्याच्या दांड्यात नळाच्या पाईपचा हातभर तुकडा अडकवला (हिची युक्ती, मी पाहिलेली), पाय भिंतीला टेकवले, आणि जीव खाऊन ओढलं.

कट!

नट हातात आला. त्याच्या पोटात स्टडसुद्धा होता. मी म्हटलं, वा, मुळासकट निघाला! दुसऱ्याला तर मी तेलही सोडलं नाही. कट! पाईप सुटून माझ्या अंगठ्यावर पडला. मी लंगडत अंगणभर नाचलो, पण ते दुःख नव्हतं. बावीस वर्षं नुसती बॅटरी धरली त्या माणसानं दोन नट एकट्यानं काढले होते! आवाज ऐकून वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. गेल्या वर्षभरात आम्ही एकमेकांशी फक्त मान हलवून बोलत होतो. त्यांना मी दोन्ही नट तळहातावर ठेवून दाखवले. "बाई बाई! अगदी मुळासकट," त्याही म्हणाल्या.

शुक्रवार गंज काढण्यात गेला. खालच्या मजल्यावरचे मास्तर दारात उभे राहून म्हणाले की गंजावर आम्ल हवं. मग मी संडास धुण्याची अख्खी बाटली बादलीत ओतली, पाईप त्यात उभा केला आणि तारेच्या ब्रशनं घासायला लागलो. तपकिरी जाऊन खालून पांढरट लोखंड दिसू लागलं. मला इतका हुरूप आला, की पाईप आतूनही धुवावा म्हणून मी त्याच्या एका तोंडात नळ सोडला. दुसऱ्या तोंडातून बावीस वर्षांची काजळी बाहेर आली. ती भिंतीवर गेली, माझ्या बनियनवर गेली, आणि कोपऱ्यातल्या टबात गेली. टबात लेकीचा पांढरा शर्ट भिजत होता. नव्या नोकरीत पहिल्या दिवशी घालायचा म्हणून तिनं हौसेनं घेतलेला, एकच.

मी तो साबणानं धुतला तेव्हा तो राखाडी झाला. आणखी धुतला तेव्हा जास्त राखाडी झाला.

संध्याकाळी लेक आली. ती शर्टाकडे पाहून तडक जिन्याखाली गेली आणि इंजिनापुढे वाकली.

"बाबा, स्टड कुठे आहेत?"

"काढले!" मी खिशातून दोन्ही नट काढून दाखवले. "मुळासकट."

"मुळासकट नाही. तुटलेत. अर्धे आतच राहिलेत." तिनं बोटानं दाखवलं. इंजिनाच्या तोंडाशी खरंच दोन चमकते ठिपके होते. "आता पाईप कशावर बसवणार?"

मी नट परत खिशात टाकले. मी म्हटलं, "उद्या करतो काहीतरी."

"नको. काही करू नकोस." ती पायरीवर बसली. "बाबा, एक विचारू? खरं सांगशील? मी जायला नको म्हणून करतोयस ना हे सगळं?"

"मी?"

"गाडी मोडलीस. शर्ट घालवलास. सरळ म्हणाला असतास ना, जाऊ नकोस, तर मी नसते गेले."

मी कारकून आहे. उत्तर द्यायला मला साधारण आठ दिवस लागतात. पण त्या वेळी शब्द आपोआप आले. "तू जावंस असं मला वाटतच नाही. तू गेलीस की या घरात बोलायला भिंती राहतील. पण तू गेलंच पाहिजेस, म्हणून मी हे करत होतो. मला वाटलं, एक काम धड केलं तर तुला जाता येईल." एवढं बोलून मी रडायला लागलो. तीही रडायला लागली. माझ्या हाताची काजळी तिच्या गालाला लागली आणि ती पुसायला म्हणून मी तिला आणखी काळं केलं. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघं एकत्र असे कधी रडलोच नव्हतो. ती ऐकेल म्हणून मी आणि मी ऐकेन म्हणून ती, दोघंही आपापल्या खोलीत उरकून घेत होतो.

शनिवारी सकाळी लेकीनं कोपऱ्यावरच्या वेल्डरला बोलावलं. तो हिला ओळखायचा. त्यानं डोळ्याला काच लावली, तुटक्या स्टडच्या तोंडावर एक नवा नट ठेवला आणि वेल्डिंगनं तो आतल्या तुकड्याला चिकटवला. तो लाल असतानाच पाना लावून त्यानं हलकेच, मागेपुढे करत फिरवलं. आतला तुकडा निमूटपणे बाहेर आला. दुसराही आला. काकू, मास्तर आणि मी, तिघंही तोंड उघडं टाकून पाहत होतो.

मग तो तुकडा उन्हात धरून म्हणाला, "साहेब, हे तुटलं कसं? तुम्ही पाना कुणीकडे फिरवत होतात?"

मी हातानं करून दाखवलं.

"अहो, हे तर आवळणं झालं! तुम्ही नट सोडवत नव्हता, आवळत होता. मोडेपर्यंत आवळलात."

"असं कसं? मी बावीस वर्षं पाहिलंय. नट सुटताना पाना माझ्या उजव्या हाताकडे यायचा."

"तुम्ही कुठे बसायचात?"

मी पलीकडचा स्टूल दाखवला. वेल्डर तिकडे गेला, बसला, इकडे आला, बसला. मग म्हणाला, "बरोबर. तुमचं उजवं म्हणजे वहिनींचं डावं. तुम्ही सगळं उलट्या बाजूनं पाहिलंत."

"पण बाबा, बरणीचं झाकण उघडताना तरी कळायला हवं ना?" लेक म्हणाली.

"झाकणं ती उघडायची," मी म्हटलं. "आता मी घट्ट लावतच नाही, नुसती वर ठेवतो." घरातली साखर वर्षभर दगड का होते याचा लेकीला तेव्हा उलगडा झाला.

मग वेल्डर हसला. "वहिनी दुकानात यायच्या तेव्हा तुमच्याबद्दल सांगायच्या. म्हणायच्या, आमचे हे बॅटरी धरतात, पण इंजिनावर कमी आणि माझ्या तोंडावर जास्त. अर्धं काम मला चाचपडत करावं लागतं."

बावीस वर्षांत ती मला हे एकदाही बोलली नव्हती. "जरा खाली धर," एवढंसुद्धा नाही. मी काकूंकडे पाठ केली आणि भिंतीवरचं मीटर वाचायला लागलो.

दुपारपर्यंत नवे स्टड बसले. पाईपला लेकीनं उष्णतेत टिकणारा काळा रंग दिला, नट तिनंच लावले आणि किक मारली. चौथ्या किकला गाडी चालू झाली. तो आवाज चौदा महिन्यांनी जिन्यात घुमला आणि वरच्या काकूंनी पदर डोळ्याला लावला. पाचला दहा मिनिटं कमी असताना लेकीनं फोन करून 'हो' सांगितलं.

माझी छाती फुगली. पुढच्या शनिवारी मोटरसायकल ट्रकमध्ये चढवली. लेक बसमध्ये बसली, तेव्हा खिडकीशी उभं राहून मी विचारलंच, "मग? पटलं ना, बाबा एकटा राहू शकतो?"

"अजिबात नाही," ती म्हणाली. "पण वर्षभरात आपल्याकडे कुणी आलं होतं का? तू तीन दिवस काम काढलंस तर काकू आल्या, मास्तर आले, वेल्डर जेवून गेला. तू एकटा राहूच शकणार नाहीस बाबा. तू काहीतरी बिघडवशील आणि लोक येतील. म्हणून जातेय."

बस गेली. मी घरी आलो. जिन्याखाली तेलाचा एक डाग होता आणि बाकी फरशी स्वच्छ होती.

पहिला रविवार. मी सकाळी लवकर उठलो, दाढी केली, चांगला शर्ट घातला आणि बसलो. पंखा फिरत होता. फ्रिज गुरगुरत होता. दार नीट लागत होतं. दहा वाजले तरी घरातलं काहीही बिघडलं नाही. इतकं शांत घर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. अकरा वाजता मला ते सहन होईना. मी पक्कड घेतली आणि स्वयंपाकघरातला नळ जरा खोलून पाहिला.

पाणी छतापर्यंत गेलं. ते खालच्या मजल्यावर गेलं, तसे मास्तर वर आले. काकू फडकी घेऊन आल्या. मास्तरांनी इमारतीच्या पाण्याची मुख्य चावी बंद केली आणि वेल्डरला फोन लावला. पाऊण तासात माझं स्वयंपाकघर माणसांनी भरून गेलं. सगळे एकदम बोलत होते, मला रागावत होते, आणि मी भिजलेल्या चांगल्या शर्टात मधोमध उभा होतो. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच मला बरं वाटत होतं.

वेल्डरनं नळ हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "साहेब, याला झालं काय होतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "चांगला होता."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग काकूंनी पाहिलं, मग मास्तरांनी. मला वाटतं, तिघांनाही कळलं. कारण कुणीच आणखी काही विचारलं नाही, आणि फरशी पुसून झाली तरी कुणी निघालं नाही. वेल्डर ओट्याला टेकून बसला, काकूंनी खुर्ची ओढली, मास्तर स्टुलावर बसले. "ठेवा आता सगळ्यांसाठी चहा," वेल्डर म्हणाला.

मी आनंदानं सगळ्यात मोठं पातेलं काढलं आणि पाणी घ्यायला वळलो. साऱ्या इमारतीत थेंबभर पाणी नव्हतं.