बिनराणीची पेटी

गावंडेकाका कुणाच्याही दारात आले की बेल वाजवत नाहीत. उंबऱ्याबाहेर चपला काढून विचारतात, "राणी हाय का घरात?" आमच्याकडे माझी बायको असली तरच आत येतात. नसली तर, "मंग मी मागून येतो, बिनराणीच्या पेटीत हात घालू नये," म्हणून परत फिरतात. वरच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूंनी सुरुवातीला याचा भलताच अर्थ काढला होता.

राजापेठेत आमच्या शेजारच्या गच्चीवर काकांची मधमाश्यांची पेटी आहे. पोस्टातून निवृत्त झाल्यावर हा नाद लागला आणि कुसुमकाकू गेल्यावर वाढला. आता त्यांना सगळं जग पेटीतच दिसतं. आमचा नगरसेवक म्हणजे नर माशी, "खाते, फिरते, काम काई नाई."

गेल्या हिवाळ्यात पेटीतली राणी मेली. धारणीकडचे काकांचे एक मधपाळ दोस्त आले, चौकट उचलून पाहिली आणि म्हणाले, "कामकऱ्याईनं अंडे घालाले सुरुवात केली. आता पेटी झटकून टाका." कामकरी माश्यांच्या अंड्यांतून नुसते नरच निघतात, काम करणारं कुणी जन्मत नाही आणि पोळं हळूहळू संपतं, हे मला तेव्हा कळलं.

काका तापले. "काहून झटकू? माय गेली म्हणून त्या बिचाऱ्या घर चालवाले पाहून राह्यल्या. त्याईले जमते तेवढंच त्या करतीन ना?"

उपाय एकच होता. दुसऱ्या पेटीतली, राणीची ताजी अंडी असलेली चौकट आणून आत ठेवायची. परकी लेकरं घरात आली की कामकऱ्या स्वतः अंडी घालणं सोडतात आणि त्या लेकरांतल्याच एकीला राणी म्हणून वाढवतात. पण एका चौकटीनं भागत नाही. काकांच्या धारणीच्या चकरा सुरू झाल्या. शालीत गुंडाळलेली चौकट मांडीवर घेऊन एसटीत बसायचे. कंडक्टरनं विचारलं तर, "लेकरं हायेत, झोपली हायेत." त्यानं अर्धं तिकीट मागितलं म्हणून एकदा भांडणही झालं. होळीच्या आसपास पेटीत नवी राणी दिसली, तेव्हा काकांनी गल्लीभर पेढे वाटले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अकोल्याहून फोन आला. त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, वैशालीला, दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. पण तिच्या सासूबाईंनी स्पष्टच सांगितलं, "तिथं बाईमाणूस नाई. बाळंतपण आमी इथंच करू." काका "बरं जी" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांना ते फार लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी डबाभर डिंकाचे लाडू घेऊन आले. बायकोनं एक लाडू ताटलीवर आपटून पाहिला. "काका, हे बाळंतिणीसाठी आहेत की गोफणीसाठी?"

"पाक चुकला. उद्या पुन्हा करतो."

पुढे कितीतरी दिवस आमच्याकडे चहाबरोबर लाडूच होते. डिंक, मेथी, अळीव. शेवटी मी कंटाळून विचारलं, "पोरगी येणार नाही, मग हे कशाला?"

"कामकरी माशी इचारते का, यातून काय निघन म्हणून?" एवढं बोलून त्यांनी डबा पुढे सरकवला.

एका सकाळी विहीणबाई स्वतः आल्या. ठरलं ते समक्ष सांगावं, एवढाच हेतू. काका खाली नव्हते, म्हणून मीच त्यांना गच्चीवर घेऊन गेलो. काका कोवळ्या उन्हात पाटावर पाय लांब करून बसले होते. लुंगी गुडघ्यापर्यंत वर, आणि नडग्यांवर तेल चोळलेलं एक लांबट कोहळं. एका हातानं ते त्याच्यावर पाणी ओतत होते. तेवढ्यात कोहळं सटकलं. "लागलं का रे राजा," म्हणत त्यांनी ते छातीशी धरलं.

मला हसू फुटणार होतं. विहीणबाईंच्या चेहऱ्याकडे पाहून मी ते गिळलं.

काकांनी आम्हाला पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाले. "कुसुम असती तर मले हे..."

विहीणबाईंनी पदर खोचला आणि शेजारी बसल्या. "मान डाव्या हातात घ्या, इवाईबुवा. असं धरलं तर लेकरू निसटते."

"अशी?"

"अजून वर." मग त्यांनी बादलीत बोटं बुडवून पाहिली. "अन् पाणी इतकं गरम नोको. वैशालीले सातव्यात घेऊन येतो मी. तुमचा हात बसेपर्यंत इथंच राहतो."

काकांचे डोळे भरून आले होते, पण पुसणार कसे? उजव्या हातात तांब्या होता, आणि डावा हात त्यांनी कोहळ्याच्या मानेखालून काढलाच नाही.