बटईचं ताट

सदाशिवराव बारीक झाले तर इंदूबाईंचा फायदा काय काय होता, ते आधी मोजून घेऊ. नवऱ्याच्या पायाची नखं कापायचं काम सुटणार होतं, कारण सदाशिवरावांची आणि त्यांच्या पायांची गाठभेट मधल्या पोटानं बरीच वर्षं होऊ दिली नव्हती. पलंगाला मधोमध पडलेला खड्डा भरून निघणार होता. आणि सगळ्यात मोठं म्हणजे गुडघ्याचं ऑपरेशन टळणार होतं. यवतमाळच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, वजन उतरवा, नाहीतर गुडघा बदलायची तयारी ठेवा. सदाशिवरावांना आर्णीच्या बाजारात मनासारखा बैल कधी मिळाला नव्हता. नवा गुडघा कसा निघेल, या विचारानंच त्यांची भूक मेली.

मग आर्णीनं कधी न पाहिलेलं पाहिलं. तुपात बुडवलेले रोडगे खाऊन वर 'अजून काय हाये?' असं विचारणारा हा माणूस एका भाकरीवर आला. चहातली साखर गेली, भात गेला, ताटात काकडी आली. पोळ्याला त्यांनी बैलांना स्वतःच्या हातानं पुरणपोळी चारली आणि बोटाला लागलेलं पुरण चाटण्याऐवजी धोतराला पुसलं. इंदूबाई पदर तोंडाला लावून दारातून बघतच राहिल्या. इतकी वर्षं आपण कोणाशी संसार केला, ते त्यांना नव्यानं कळत होतं. दिवाळीपर्यंत सदाशिवरावांचा सदरा बुजगावण्यावर घातल्यासारखा लोंबू लागला. देवळात जाणारे लोक आधी त्यांच्या ओसरीवर डोकावून मगच पुढे जात.

डॉक्टरही खूश झाले, पण बेतानंच. "उतरवणं सोपं असतं काका. टिकवणं कठीण. पुढच्या दिवाळीला असेच दिसलात, तर गुडघ्याचं नाव काढणार नाही."

त्यांनी दिवाळीची गोष्ट केली, मधल्या लग्नांची नाही.

पहिलं लग्न इंदूबाईंच्या चुलतबहिणीच्या, वच्छलाबाईंच्या मुलाचं. पंगतीत बुंदी आली आणि सदाशिवरावांनी पत्रावळीवर आडवा हात धरला. वाढपी थांबला, पंगत थांबली. आपल्याकडे पाहुण्याच्या मनात काय आहे, ते त्याच्या पत्रावळीवर वाचतात. दुसऱ्या दिवशी सकाळीच वच्छलाबाई भारीतलं सफारीचं कापड घेऊन हजर.

"भाऊजी, आहेर हलका झाला, चुकलं आमचं. पण असं उपाशी कायले उठले? सारं गाव इच्यारून राह्यलं."

"अवो, आहेराचं काहीच नाही. मी डायटवर हावो."

"मले माईत हाये, तुम्ही मोठ्या मनाचे, बोलून दाखवत नाही," असं म्हणून त्यांनी कापड सदाशिवरावांच्या मांडीवर ठेवलं आणि डोळे पुसले.

दुसऱ्या लग्नात यजमानांना वाटलं, वावराच्या बांधावरून, धुऱ्यावरून झालेल्या जुन्या भांडणाचा राग अजून गेलेला नाही. तिसऱ्यात मुलीच्या बापानं पागोटं काढून सदाशिवरावांच्या पायाशी ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं. इंदूबाई घरी येऊन म्हणाल्या, "तुमचं पोट आत गेलं, अन् आपले सोयरे बाहेर चालले."

खाल्लं तर गुडघा जाणार, न खाल्लं तर गोत. सदाशिवरावांनी एक रात्र विचार केला आणि सकाळी नाल्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरून गुलाबसिंगला बोलावणं धाडलं. गुलाबसिंगचं स्वतःचं वावर सदाशिवरावांच्या वावराला लागून. तो आपलं करायचा आणि यांचंही बटईनं, म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, करायचा. माणूस इतका सडपातळ, की कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत शिरला तर हाक मारूनच शोधावा लागे.

"गुलाबसिंग, मायं वावर तू बटईनं करतं."

"करतो, भाऊ."

"मंग मायं जेवणबी कर."

गुलाबसिंगनं कान खाजवला. "बियाणं कोणाचं?"

"लग्नघरचं. मेहनत तुयी. अर्धं नाही, सारं पीक तुयं. मले निसता मान पाह्यजे."

"चालते. बाकी सारं रिवाजानं," गुलाबसिंग म्हणाला, आणि सौदा ठरला.

आर्णीत हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. जमीन एकाची आणि राबणारा दुसरा, ही गोष्ट इथं पोरासोरांनाही ठाऊक. आग्रह सदाशिवरावांना व्हायचा आणि बुंदी शेजारच्या पत्रावळीवर पडायची. यजमान सुखावले. गुलाबसिंग आधी स्वतःचं जेवण इतरांसारखं उरकायचा, मग हात धुवायचा, "आता भाऊचं," म्हणून पाठ ताठ करायचा आणि दुसरं ताट असं संथ, गंभीरपणे संपवायचा, की पंगत उठायची विसरायची. म्हातारी माणसं काठी टेकून बघायला उभी राहत. इंदूबाईंना नवऱ्याच्या उपासाचं वाटलं होतं, त्याहून या जेवणाचं नवल वाटलं. एवढुशा माणसात एवढं जातं कुठं?

"बुंदी कशी हाये, गुलाबसिंग?" यजमान विचारत.

"माया वाट्याची चांगली होती. भाऊच्या वाट्याले जराशीक कडक लागली."

की लगेच मऊ बुंदीचं घमेलं येई. पुढे पुढे पत्रिकेवरच 'सदाशिवराव, गुलाबसिंगसह' असं लिहून येऊ लागलं. लग्नांना बारशी जोडली गेली, बारशांना वास्तुशांती. कृषी केंद्रातला गोड चहासुद्धा सदाशिवराव हातानं पलीकडे सरकवायचे. ते तसूभर वाढले नाहीत.

एवढं सगळं कुठं जातं, ते पाऊस लागल्यावर दिसलं. पिकातलं तण काढायला, डवरणीला, बैल जुंपले आणि घागरीएवढं पोट सुटलेला गुलाबसिंग दुसऱ्याच ओळीला मटकन खाली बसला. दोन माणसांनी धरून त्याला धुऱ्यावर नेलं. संध्याकाळी त्याची बायको, भुरीबाई, सदाशिवरावांच्या ओसरीवर आली. तिनं आवाज चढवला नाही. चहाही घेतला नाही.

"भाऊ, बटईत पीक बुडालं तं नुकसान कोणाचं?"

"अर्धं मालकाचं, अर्धं बटईवाल्याचं," सदाशिवराव सवयीनं बोलून गेले.

"माया माणूस बुडाला. बाजेवर मावत नाही. अर्धा उचला."

"म्हंजे कसा उचलू?"

"त्याच्या वाट्याचं नुकसान तो भोगंल. तुमच्यावाली भाकर अन् काकडी मी त्याले चारतो. तुमच्या वाट्याचं तुम्ही भोगा. डवरा उभा हाये."

"पण मेहनत त्याची ठरली होती, भुरीबाई."

"मेहनत करनारं आंग तुमच्याच जेवणानं बसोलं, भाऊ."

सदाशिवरावांनी आधाराला बायकोकडे पाहिलं. इंदूबाई भुरीबाईकडे अशा बघत होत्या, जशा देवळात मूर्तीकडे बघतात. नवऱ्याला वावरात उतरवणं त्यांना एवढ्या वर्षांत जमलं नव्हतं, ते ही बाई उभ्या उभ्या करून मोकळी झाली होती.

पावसाळाभर सदाशिवराव डवऱ्यामागं चालले. आधी धापा टाकत, मग शिव्या घालत, मग नुसतेच. धुऱ्यावर गुलाबसिंग काकडी चावत बसायचा आणि डवऱ्याची ओळ वाकडी गेली की सांगायचा. त्यालाही भुरीबाई रोज धुऱ्या-धुऱ्यानं चालवून घरी न्यायची. निंदण झालं, फवारणी झाली, वेचणीला दोघंही वाकू लागले.

दिवाळीला डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं आणि चष्मा पुसून पुन्हा आकडा पाहिला. वजन वाढलं नव्हतंच, उलट आणखी उतरलं होतं. गुडघ्याचा विषय संपला.

"काका, कसं टिकवलं हे?"

"मनावर ताबा," सदाशिवराव म्हणाले. इंदूबाईंनी खिडकीबाहेर बघितलं.

आता हिशेब. बुंदी लग्नघरांची गेली. पोट गुलाबसिंगला आलं आणि गेलं. घाम बहुतेक सदाशिवरावांचा, स्वतःच्याच वावरात. कापूस मात्र ठरल्याप्रमाणं अर्धा तांड्यावर गेला. ज्याच्या पदरचं काहीच गेलं नाही असं माणूस यात एकच निघालं. भुरीबाईला नवरा पहिल्यासारखा सडपातळ परत मिळाला आणि वर वावरात राबायला एक गडी. पुढच्या सालची बटई, डवऱ्यामागं भाऊच धरून, तिनं इंदूबाईंशी बोलून आत्ताच पक्की करून टाकली आहे. सदाशिवरावांना अजून कोणी सांगितलेलं नाही.