ढगाखालचे द्वंद्व

अमेदेओ वाल्फ्रे त्या सकाळी पुन्हा एकदा मरायचा राहिला.

"महाराज, तलवार छातीत लागली की माणूस पडतो," दिग्दर्शक बोझिओ काचेच्या छताखाली घाम पुसत म्हणाला. "तुम्ही उलट मारणाऱ्यालाच भिंतीपर्यंत रेटलंत."

"मला लागलीच नाही."

"कथेत लागलीय ना, बाबा."

कथेत अमेदेओ हा फसवला गेलेला नवरा होता; द्वंद्वात तो मरे आणि त्याची बायको त्याला मारणाऱ्या प्रियकराच्या, ग्वाल्तिएरोच्या, मिठीत जाई. दुर्दैव एवढेच, की ती भूमिका करणारी एर्सिलिया त्याची खरोखरीचीही बायको होती. तुरीनच्या त्या चित्रशाळेत चित्रपट मुकेच निघत. नट ओठ हलवून काय बोलतात, याची कुणालाच फिकीर नसे. अमेदेओला मात्र तीच फिकीर पोखरत होती. काल चुंबन लांबले, बोझिओ 'पुरे' म्हणाला तरी लांबले. मग एर्सिलिया ग्वाल्तिएरोच्या कानात काही पुटपुटली आणि तिचे डोळे भरून आले. एवढ्या संसारात अमेदेओसाठी ते कधी भरले नव्हते. घरी विचारले, तर म्हणाली, "कामाचं बोलले."

"आता बिघडलं, तर चुंबनापासून सगळं पुन्हा," बोझिओने बजावले.

या धमकीने अमेदेओ मरायला तयार झाला. तलवारी भिडल्या, ग्वाल्तिएरोचे पाते त्याच्या छातीशी आले, आणि नेमका सूर्य ढगात गेला.

"हलू नका कुणी."

चित्रण छतातून येणाऱ्या उन्हावरच चाले; ऊन गेले की नटांनी होते तसे पुतळ्यासारखे थांबायचे आणि ऊन परतले की तिथूनच पुढे चालू करायचे, हा तिथला कायदा. दोघे नाकाला नाक लावून उभे राहिले.

"ए, मिशी सुटली," ग्वाल्तिएरो दातांतून म्हणाला. "धर ना जरा."

"तुझी मिशी मी का धरू?"

"एर्सिलिया धरते की."

"कधी?"

"चुंबनात. डिंक वाळेपर्यंत ओठांनी दाबून ठेवते. वास झोंबतो बिचारीला, डोळ्यांतून पाणी येतं."

"आणि कानात काय सांगते?"

"'श्वास सोडू नकोस मेल्या, उडेल.'"

अमेदेओच्या छातीवर पाते होते, पण ओझे उतरले. तेवढ्यात ऊन पडले. मिशीचे टोक लोंबत होते, आणि ती पडली तर पुढे पुन्हा चुंबन उभे होते. त्याने तळहात ग्वाल्तिएरोच्या गालावर घट्ट दाबला, अंगठा मिशीवर रोवला, आणि तो गाल न सोडता, परम समाधानाने, सावकाश मेला. ग्वाल्तिएरोलाही वाकत वाकत त्याच्याबरोबर जमिनीपर्यंत जावे लागले.

चित्र लागले, तेव्हा प्रेक्षागृहात हुंदके फुटले. शेजारची बाई नाक पुसत म्हणाली, "मारणाऱ्यालाही माया लावून गेला हो."

अमेदेओ ऐटीत एर्सिलियाकडे वळला. तिचे डोळे ठणठणीत कोरडे होते.

"काय झालं गं?"

"काही नाही. माझ्या गालावर असा हात कधी ठेवला नाहीस."

"अगं, ते कामाचं होतं."

"हो का," एर्सिलिया म्हणाली, आणि एकेक बोट ओढून हातमोजे चढवू लागली.