शेवट चुकवू नका

गुरुदत्तने ती डॉक्युमेंटरी पाहिलेली नव्हती. 'संगीतकार आणि सामूहिक जीवन : पाहायलाच हव्यात अशा डॉक्युमेंटरी' असं काहीतरी फोनवर दिसलं, त्यातली पहिली त्याने उचलली आणि कॅनबेरातल्या गुंगालिन उपनगराच्या गाण्याच्या ग्रुपवर दिली ठोकून. वर पदरचं लिहिलं, 'शेवट चुकवू नका. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं.'

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात यंदा तरी सोलो मिळावा, एवढंच त्या बिचाऱ्याला हवं होतं. इथे आल्यापासून तो कोरसच्या मागच्या रांगेत उभा राहून नुसता 'आ' करत आला होता. ग्रुप चालवणाऱ्या चित्रलेखाला अभ्यासू माणसं आवडतात, हे त्याने हेरलं होतं. आणि डाव लागला की हो! "गुरू, तू एवढा खोलात जातोस हे माहीतच नव्हतं," म्हणत तिने भूपातलं गाणं त्याच्या नावावर केलं. त्याने लगेच पुण्याला फोन लावला. आईने लाइव्ह बघायला अख्खी सोसायटी गोळा करायचं ठरवलं.

घात केला तो लोकांनी. लोकांनी ती डॉक्युमेंटरी चक्क बघितली!

जूनच्या, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातल्या लाँग वीकेंडला सकाळीच बेल वाजली. दारात तबला वाजवणारा राघव. काखेत गादी.

"अरे, त्यात सगळे गाणारे-वाजवणारे एका फार्मवर एकत्र राहतात! एकत्र स्वयंपाक, एकत्र रियाज. आपण पण करू. तुझं घर मोठं, शिवाय आयडिया तुझीच."

"अरे, पण सुहासिनीला विचारून..."

"नो वरीज, मेट! पांघरुणं आणलीयत आम्ही."

त्याच्यामागून चित्रलेखा आली, हार्मोनियम आली, आणखी आठ-दहा माणसं आली. सुहासिनीने नवऱ्याकडे असं काही बघितलं की त्याला घरातच थंडी वाजली.

हीटर धड चालायचा तो फक्त हॉलमध्ये, म्हणून झाडून सगळे तिथेच झोपले. राघव तबल्यापेक्षा घोरण्यात जास्त तयारीचा निघाला. सकाळी बाथरूमपुढे ही रांग! गुरुदत्तने गळा जपायचा म्हणून अंगणातल्या बर्फाळ नळावर गुळण्या केल्या आणि गळा बसवून घेतला.

तेवढ्यात चित्रलेखाने सभा घेतली. "इथे 'मी' नाही, 'आपण'. तेव्हा यंदा सोलो बंद. कोण कोण बाजूने?"

सगळे हात वर. सुहासिनीचासुद्धा!

"अगं, पण आईने सोसायटी जमवायला घेतलीय!" गुरुदत्त बसलेल्या गळ्याने किंचाळला. कोणी ऐकलं नाही.

लेक रुचा हळूच म्हणाली, "बाबा, यू डिडन्ट इव्हन वॉच इट, राइट?"

"गप बस." आणि त्याच क्षणी त्याला आशेचा किरण दिसला. "शेवटपर्यंत कोणी पाहिलीय?"

सगळे सतरंजीकडे बघू लागले. सगळ्यांनी अर्ध्यावरच सोडली होती. गुरुदत्तला हुरूप आला. एवढी बिऱ्हाडं एका छताखाली म्हणजे शेवटी भांडणं होऊन फुटलीच असणार. नाहीतर आपल्या डोळ्यांत पाणी कशाला आलं असतं? आपण ती पाहिलेलीच नाही, हे तो एव्हाना साफ विसरला होता.

"आत्ताच्या आत्ता शेवट बघायचा," त्याने फर्मान काढलं. "मग ठरवा, एकत्र राहायचं की नाही."

शेवट लागला. फार्मचा मालक, पांढऱ्या दाढीचा म्हातारा गायक, चुलीपुढे बसून सांगत होता, "मी गाणं सोडलं आणि सगळ्यांसाठी स्वयंपाक करायला लागलो. त्या दिवसापासून आमचं संगीत जमलं."

मग सगळ्या माना एकदम गुरुदत्तकडे वळल्या.

"गुरू!" चित्रलेखाने डोळे पुसले. "म्हणून तुला रडू आलं होतं! तोंडाने सांगवेना, म्हणून डॉक्युमेंटरी पाठवलीस. केवढा रे तुझा त्याग!"

"नाही, मी ते..." पुढे आवाजच फुटेना.

"बघा, कंठ दाटून आला त्याचा," राघव म्हणाला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

थोड्या वेळाने हॉलमध्ये त्याचं भूपातलं गाणं सगळे मिळून बेसूर गात होते. सुहासिनीने त्याच्यापुढे कांद्यांची पिशवी आदळली. "पोहे आहेत सगळ्यांचे. बारीक चीर." फोन वाजत होता. आई. 'सोसायटीत सगळ्यांना सांगून ठेवलंय हं' म्हणायला असणार. त्याच्याने उचलवला नाही.

"बाबा, आर यू क्रायिंग?" रुचाने विचारलं.

"सांगितलं होतं ना," गुरुदत्त नाक ओढत म्हणाला, "शेवटी डोळ्यांत पाणी येतं म्हणून."