शरयूची ठकू

इकडे अमेरिकेत, आमच्या नेपरव्हिलमध्ये संकष्टीचा उपास करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण कोळ्याला उपास घडवणारी एकटी शरयू. चंद्रोदय झाल्याशिवाय त्याला माशी नाही. आता हिवाळ्यात इथे कसला चंद्र दिसतोय, नुसते ढग! मग ती फोनवर वेळ बघायची, बाप्पाला मोदक दाखवायची आणि बरणीतली एक माशी कोळ्याच्या डब्यात सोडायची. सोडली की स्वतः पाठ फिरवून उभी राहायची. कांदा-लसूणसुद्धा न खाणारी बाई ती. म्हणायची, "तिचा धर्म तिला, माझा मला. आणि जेवणाऱ्याच्या ताटात बघू नये."

'तिचा' म्हणायची, कारण कोळी म्हटलेलं शरयूला खपत नसे. तिची ती ठकू.

शरयू आमच्या मागच्याच रस्त्यावर राहते. नवरा जाऊन काही वर्षं झाली. एकुलता एक मुलगा, निखिल, तिकडे पार दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला. एवढ्या मोठ्या घरात ही एकटी, आणि घर असं लख्ख, की सोफ्यावर टेकताना आपल्यालाच अपराधी वाटावं. दुकानातून आणलेलं केळंसुद्धा धुऊन मग सोलते. अशा बाईच्या घरात कोळी राहतो कसा, हे मला आधी कळेचना.

झालं असं. खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीवर तिला तो दिसला. हिने सपात उचलली. "मालतीताई, तुम्हाला सांगते," ती मला म्हणाली, "मी हात वर केला आणि ती वळली. पळाली नाही हो! वळली, आणि मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. काय काम आहे, असं विचारल्यासारखी. आता असं तोंडाकडे बघणाऱ्याला कोण मारणार?"

सपात खाली ठेवली आणि पाहुणीला बिस्किटांच्या पारदर्शक डब्यात बिऱ्हाड करून दिलं. झाकणाला भोकं पाडली, आत तुळशीची वाळकी काडी उभी केली. पहिल्या दिवशी भिजवलेला साबुदाणा ठेवला. ठकूने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग केळ्याचा काप. छे! शेवटी जड मनाने शरयू पेट स्टोअरमध्ये गेली आणि पंख नसलेल्या बारीक माश्यांची बरणी घेऊन आली. बरणी ठेवली गराजमध्ये. स्वयंपाकघरात मांसाहार नको.

मला विचाराल तर कोळी म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. पण ही जात वेगळी, हे मलाही कबूल करावं लागलं. ही जाळं विणून कोपऱ्यात दबा धरून बसत नाही, उड्या मारते. आकार नखाएवढा. अंगभर काळी मऊ लव, पाठीवर नारिंगी ठिपके. तोंडाशी नथीतल्या खड्यासारखी हिरवी चमक. समोर दोन टपोरे डोळे, आणि त्यांच्याखाली दोन केसाळ हातुकले, ते सारखे वरखाली चाललेले, जणू एखादी आजी स्वेटर विणतेय. बोट डावीकडे नेलं की ती डावीकडे वळते, उजवीकडे नेलं की उजवीकडे. उडी मारायच्या आधी मागे एक धागा चिकटवून ठेवते, पडली तर लोंबकळायला. शरयू म्हणायची, "शहाणी आहे हो! आपल्यासारखी आंधळी उडी नाही मारत."

"शहाणी आहे हो" हे तिचं पालुपद. ठकू झोपली तरी शहाणी, नुसती भिंतीवर बसून राहिली तरी शहाणी.

जानेवारीत तिच्याकडे हळदीकुंकू होतं. तिळगुळाच्या ताटाशेजारी हिने डबा मांडला! कुलकर्णीवहिनी वाकल्या आणि अशी किंकाळी फोडली, की अत्तरदाणी कलंडली. शरयू शांतपणे म्हणाली, "वहिनी, हळू. ती दचकते." माझी कॉलेजात शिकणारी नात रिया मात्र डब्याला नाक लावून बसली. "ओ माय गॉड आजी, शी इज सो फ्लफी! लुक ॲट हर फेस!" मग एकेक बाई भीतभीत पुढे आली. बघता बघता सगळ्या पैठण्या त्या डब्याभोवती, आणि प्रत्येकीला वाटतंय, ती माझ्याकडेच बघतेय. कुलकर्णीवहिनींनी तर जाताना फोटो काढून नेला.

असं सगळं छान चाललं होतं, आणि निखिलला मुलगा झाला. बाळंतपणाला सुनेची आई आली होती, म्हणून शरयूचा मान बारशाला. तिकीट काढलं, डिंकाचे लाडू झाले, बाळाच्या कुंच्या शिवून झाल्या. ठकूला सांभाळायचं रियाने कबूल केलं. आणि ऐन निघायच्या वेळी ठकूने खाणं सोडलं. डब्याच्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या रेशमाची जाड पिशवी विणली, आत शिरली आणि दार लावून घेतलं.

शरयूला वाटलं, माझ्या उपासांनीच हे झालं. मीठमोहऱ्या घेऊन डब्याची दृष्टसुद्धा काढली. शेवटी रियाने समजावलं, "शी इज मोल्टिंग, आजी. कात टाकतेय. डबा हलवू नका, पिशवी उघडू नका. आपोआप बाहेर येईल."

"येईलच ना?" शरयूने विचारलं.

रिया खोटं बोलत नाही. म्हणाली, "मोस्टली येतात."

त्या 'मोस्टली'ने घोटाळा केला. दुसऱ्या दिवशी मला निखिलचा फोन. "मावशी, तुम्ही आईला समजवा ना, यार... सॉरी, मावशी. पण ती तिकीट कॅन्सल करतेय! कोळ्यासाठी! मी इथे लोकांना काय सांगू?"

मी तरातरा गेले. शरयू डब्यासमोर खुर्ची टाकून बसली होती.

"अगं, नातू मोठा की किडा मोठा?" मी म्हटलं. "रिया आहे ना बघायला?"

"रियाची परीक्षा आहे. येऊन-जाऊन बघेल ती."

"मग झालं की! पिशवीत झोपलेल्या कोळ्याजवळ सारखं कोण बसतं?"

मी जरा मोठ्यानेच बोलले. ती चिडेल असं वाटलं होतं. पण ती डब्याकडेच बघत म्हणाली, "हे गेले तेव्हा मी कुठे होते, माहितेय तुम्हाला?"

मला वाटत होतं, जवळच होती. आम्ही सगळे तसंच समजत होतो.

"हॉस्पिटलात रात्रभर बसले होते. सकाळी नर्स म्हणाली, आता शांत झोपलेत, तुम्ही घरी जाऊन या. मला बिनआंघोळीचं बसवेना. यांना सांगितलं, आंघोळ करून येतेच. ऐकलं की नाही, कोण जाणे. परत गेले तर खोलीचं दार लावलेलं. आत कोणी नव्हतं हो त्यांच्याजवळ. ठकू बाहेर आली तर पहिलं इकडेतिकडे बघणार. बघायचा स्वभावच आहे तिचा. आणि नाही जमलं तिला बाहेर यायला, तरी..."



मी खुर्ची ओढून शेजारी बसले. म्हटलं, "तू जा बारशाला. मी राहते इथे. तू येईस्तोवर इथेच झोपते."

"तुम्हाला भीती वाटते तिची."

"वाटते. म्हणून काय झालं?"

निखिल तिला विमानतळावर उतरवून घ्यायला आला तेव्हा म्हणे तिने पहिलं हेच सांगितलं, "मालतीताई बसल्यात हो तिच्याजवळ." त्याला वाटलं, आता मावशींचंही डोकं फिरलं.

इकडे मी त्या डब्यासमोर मटार सोलत बसले. शरयूने बजावलं होतं, एका बाजूने पाण्याचा हलका फवारा मारा आणि बोलत राहा, विषय कुठलाही चालतो. पहिल्यांदा लाज वाटली. मग सुरू झाले. माझे गुडघे, सुनेची ती हिरवी स्मूदी, रियाचा तो मित्र. सगळं सांगून टाकलं. इतकं निवांत माझं कोणी ऐकलेलं नाही.

बारशाच्या सकाळी पिशवी हलली. आधी एक पाय आला, चाचपडत. मग दुसरा. मग ती अख्खी बाहेर आली, थकलेली, पण अंगावरची लव कशी नवीकोरी, आणि पाठीवरचे नारिंगी ठिपके आता पांढरेशुभ्र. मागे पिशवीत जुनी कात पडली होती. ठकू काडीवर उतरली, वळली, आणि मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. भ्यायचं राहूनच गेलं.

मग शरयूला फोन लावला. मागे बायकांचा गलका, कोणीतरी पाळणा म्हणत होतं.

"आली गं बाहेर. छान आहे."

पाळण्याचं एक कडवं होऊन गेलं.

"तेव्हा जवळ कोणी होतं?" तिने विचारलं.

"मी होते."

तिने नाक ओढलं. "अर्णव ठेवलंय नाव," ती म्हणाली. "तिला सांगा हं."

मी फोन ठेवला, डब्याजवळ वाकले आणि सांगितलं.